माका तान नाय

पाण्याची बाटली हातात दिली की ती झाकण उघडायची, बाटली ओठांना लावायची, ओठ तेवढे ओले करायची आणि झाकण पुन्हा घट्ट बसवून बाटली पाटीत ठेवून द्यायची. पाटीतल्या बर्फावर, बांगड्यांच्या शेजारी. कोणी म्हणालंच, “काकी, पाणी पिवा मां, ऊन किती आसा,” तर तिचं एकच उत्तर असे.

“माका तान नाय.”

तान म्हणजे तहान. मे महिन्याचं ऊन, अकराचा सुमार, आणि पहाटे पाचपासून बंदराच्या वाळूवर बसलेल्या बाईला तहान नाही. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तिचं फार कौतुक वाटलं होतं. कॉलेजच्या वहीत मी लिहूनही ठेवलं, ‘कष्टकरी स्त्रीची सहनशक्ती.’ खाली दोन रेघा मारल्या. ती वही अजून माझ्याकडे आहे, आणि ते पान उघडलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

बंदर कुठलं ते सांगत नाही. देवगडपासून तारकर्लीपर्यंत जे हवं ते धरा. एकाचं नाव घेतलं की बाकीच्या बंदरांवरचे पुढारी म्हणतील, बघा, आमच्याकडे असं नाही. तेवढंही सुख त्यांना द्यायची माझी इच्छा नाही. तिचं नावही लिहीत नाही. नाव लिहिलं तर ती पुन्हा एकदा कोणाच्या तरी यादीत जाऊन बसेल, आणि याद्यांतून ती आता कुठे सुटली आहे.

कारण काकी ही आमच्या तालुक्याची कायमची लाभार्थी होती. तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल. कुठलंही अभियान असो, वर्तमानपत्रातल्या फोटोत पुढच्या रांगेत तीच असते. काकी लिलावाच्या जागेजवळ, गाड्या थांबतात त्या पायऱ्यांच्या तोंडाशीच बसायची. कपाळावर ठसठशीत कुंकू, केसांत अबोलीचा वळेसार, समोर माशांची पाटी. गाडीतून उतरणाऱ्या साहेबाला जशी कोळीण हवी असते तशी ती आयती मिळायची. मग तिला उठवून खुर्चीत बसवायचं, हातात पाटी नाहीतर फलक द्यायचा, आणि काम झालं.

एका वर्षी हात धुण्याचा दिवस होता. नळ नसल्यामुळे आयोजकांनी येताना पाण्याची बालदी आणली होती. शहरातून आलेल्या मुलीनं काकीला हात धुण्याच्या सगळ्या पायऱ्या शिकवल्या, बोटांच्या मधून, नखांच्या खालून. काकीनं त्या नीट केल्या. टाळ्या झाल्या. निघताना आयोजकांनी बालदी उचलली तशी काकी म्हणाली, “बालदी व्हरतास? मगे फाल्या हात खंय धुवू?” फाल्या म्हणजे उद्या. सगळे हसले. बालदी गाडीत गेली.

मतदानाच्या वेळी तिच्या हातात फलक होता, ‘मी मतदान करणारच.’ तो तिला वाचून दाखवला तर ती म्हणाली, “कधी चुकवलंय काय?” शपथा तर तिनं इतक्या घेतल्या होत्या की कोणी माईकवर ‘मी अशी’ एवढं म्हटलं तरी तिचा हात वर जायचा. साक्षरतेच्या अभियानात ती सही करायला शिकली. एक एक अक्षर जाळ्याचं भोक विणावं तसं बेतानं काढायची आणि शेवटची रेघ मारली की मान मागे घेऊन स्वतःच बघायची. एवढा एकच लाभ तिला खरा झाला असं मला वाटतं. तो लाभ पुढे मीच मातीत घातला, तेही सांगते.

कार्यक्रम संपत आला की ती विचारायची, “फोटो झालो?” झाला म्हटलं की लगेच उठायची. “मगे जातंय. म्हावरां सुकता.”

पण त्याआधी एक गोष्ट ती करायचीच. सूत्रसंचालकानं नुसतं तोंडदेखलं विचारलेलं असायचं, कोणाला काही शंका? कोणालाही नसे. काकीला असे. ती उभी राहायची आणि बंदराच्या टोकाला असलेल्या गुलाबी इमारतीकडे बोट दाखवून म्हणायची, “त्या दाराची चावी खंय आसा?”

विषय दारूबंदीचा असो, मुलींच्या शिक्षणाचा असो नाहीतर झाडं लावण्याचा, काकीची शंका तीच. पुढे पुढे तिनं हात वर केला की लोक आधीच हसायला लागायचे. व्यासपीठावरचे साहेब शेजारच्याला विचारायचे, काय म्हणतात बाई? तो कानात काहीतरी सांगायचा. साहेब मान डोलवायचे आणि म्हणायचे, “चांगला मुद्दा आहे, पण आजचा विषय वेगळा आहे.” मला वाटतं ती कार्यक्रमांना यायची ती त्या एका प्रश्नासाठी. आम्हाला वाटायचं ती आमच्यासाठी येते.

त्या गुलाबी इमारतीची गोष्ट थोडक्यात सांगते. पूर्वी बंदराच्या मागे सुरूचं बन होतं आणि बायका तिथे जायच्या. मग गाव स्वच्छ करायचं अभियान आलं. पहाटे शिट्ट्या घेतलेलं पथक बनात उभं राहू लागलं. कोणी बाई दिसली की शिट्टी, वर हातात गुलाबाचं फूल. त्या पथकात आमच्याच कॉलेजची मुलं होती, माझ्या आधीची. ज्या बायकांच्या हातून त्यांच्या घरी मासळी जायची त्यांच्यावरच ती शिट्ट्या फुंकत होती, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. पुढे बनाला पर्यटनासाठी कुंपण पडलं. बदल्यात बंदराच्या टोकाला महिलांसाठी स्वच्छतागृह बांधलं, गुलाबी रंगाचं. फीत कापली आणि गाव मुक्त झालं असा बोर्ड लागला. टाकीत पाणी कधी चढलंच नाही. पाणी नाही म्हणून घाण होणार, घाण होणार म्हणून कुलूप. चावी पंचायतीच्या कार्यालयात, कार्यालय टेकडीवर, आणि ते उघडतं लिलाव संपत आल्यावर. तपासणीला कोणी येणार असेल तर आदल्या दिवशी कुलूप निघायचं, टँकरनं पाणी यायचं आणि फिनेलचा वास पार होड्यांपर्यंत पोचायचा. साहेब गेले की कुलूप परत जागेवर.

हे सगळं मला ठाऊक नव्हतं. मी आतल्या गावातली, भात आणि काजूवाली. आमच्याकडे घराच्या मागे बाईमाणसाला हवा तेवढा आडोसा. समुद्र मला सहलीपुरता आणि कॉलेजच्या अशा कार्यक्रमांपुरताच माहीत होता.

मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजनं ‘किनारपट्टीवरील महिलांचे आरोग्य’ असं सर्वेक्षण घेतलं. सरांनी आम्हा दहा जणींना फॉर्म दिले आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं बंदरावर आणलं. माझ्या वाट्याला काकी आली. म्हणजे मीच तिला निवडलं, तिचा फोटो चांगला यायचा म्हणून.

साडेनऊच्या सुमाराला माझीच पंचाईत झाली. पहाटे घरातून निघताना दोन कप चहा घेतला होता. मी खूप वेळ दम धरला आणि शेवटी तिच्या कानाशी वाकले. “काकी, तुमी हय खंय...”

वाक्य पुरं करायची गरज पडली नाही. “लागली काय गो?” ती उठलीच. “आणि तुमी-बिमी म्हणा नको, तू म्हण.” शेजारणीला हाक मारली, “गो, माझी पाटी राख वायच!”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. होडी लागायच्या आधी बायका आपापल्या रिकाम्या पाट्या रांगेत मांडतात. कोणाला उठावं लागलं तर शेजारीण तिच्या पाटीची जागा राखते, ती सरकू देत नाही. पण राखायची ती फक्त जागा. लिलावात बोली जिची तिनंच आपल्या तोंडानं लावायची. तिथे नसाल तर मासळी दुसरीकडे गेली, तक्रार करायची सोय नाही. हा बंदराचा जुना रिवाज आहे आणि तो सगळ्या पाळतात. मला तेव्हा तो माहीत नव्हता.

तिनं मला आधी त्या गुलाबी दारापाशी नेलं. कुलूप हातात घेऊन दोनदा दारावर आपटलं. “बघ. तुझ्या मास्तराक सांग.” मग वाळूवर ओढून ठेवलेल्या दोन होड्यांच्या मधे नेलं. एका होडीवरचं गोणपाट ओढून घेतलं, दोन्ही हात पसरून ते धरलं आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. पलीकडे नारिंगी जाकिटं घातलेले पर्यटक बोटीत बसत होते, त्यांचं हसणं स्पष्ट ऐकू येत होतं. एक माणूस जाळं खांद्यावर घेऊन आमच्या बाजूला वळला तशी ती ओरडली, “ए, हय खंय येतस? हय चेडू आसा, मागे फिर!” चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. तो बिचारा पळाला. मला वाळूत गडप व्हावंसं वाटत होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या त्या पाच मिनिटांत तिची सगळी वर्षं होती, पण ते मला नंतर कळलं.

परत आलो तर मधल्या वेळात एक होडी लागून त्या होडीतल्या बांगड्यांचा लिलाव संपलाही होता. काकीची पाटी जागच्या जागी होती. रिकामी. शेजारीण म्हणाली, “खंय गेल्लंस? बरो माल गेलो मां!” काकीनं पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मरांदे. दुसरी होडी येतली.”

ती आलीच नाही त्या दिवशी.

बसल्या बसल्या तिनं मला सांगितलं, अगदी बांगडा ताजा कसा ओळखावा हे सांगावं तसं. “पाच वाजल्यापास्ना हय बसतंव. घराकडे जावक अर्धो तास, येवक अर्धो. जावा कसा? म्हणान पाणीच पियाचा नाय. पियाचाच नाय तर लागाची गोष्ट नाय. घराकडे गेल्यावर पितंय एकदम.” मी विचारलं, काकी, त्रास होत नाही? म्हणाली, “जळता. पोटात दुखता. मधी ताप येता. आता सवय झाली.”

मग मी फॉर्म काढला. प्रत्येक प्रश्न विचारायचाच असा नियम होता. मी ज्या बाईच्या गोणपाटाआड बसून आले होते तिला तोंड वर करून विचारलं, “कामाच्या ठिकाणी महिलांसाठी स्वच्छतागृह आहे का? हो किंवा नाही.”

ती खदखदून हसली. “आसा. पण कुलूप आसा.”

मी पेन धरून थांबले. दोन चौकोन होते, हो आणि नाही.

“‘पण’ लिव गो,” ती म्हणाली. “कुलूप आसा तां लिव.”

जागा नव्हती. मी उठून सरांकडे गेले. सर काही वाईट माणूस नव्हेत. आमच्या फिया थकल्या तर स्वतः कार्यालयात जाऊन बोलणारे. ते म्हणाले, “इमारत आहे ना? मग ‘हो’. वापराचा प्रश्न आपल्या फॉर्ममध्ये नाही. आपण निरीक्षण करायला आलोय, वाद घालायला नाही.” मी परत येऊन तिच्यासमोर बसले आणि ‘हो’च्या चौकोनात बरोबरची खूण केली. चांगली ठळक. ती बघत होती.

पुढचा प्रश्न होता, दिवसाला किती पेले पाणी पिता. खाली कंसात सूचना होती, उत्तर कमी असल्यास भरपूर पाणी पिण्याचा सल्ला द्यावा. मी सल्ला दिला! अर्ध्या तासापूर्वी सगळं ऐकून, बघून, भोगून मी तिला सांगितलं की काकी, भरपूर पाणी प्यायला पाहिजे. ती म्हणाली, “होय गो बाय.”

शेवटी सगळ्या बायकांना बाटल्या वाटल्या. सर म्हणाले, पितानाचा एक फोटो हवा. काकीनं बाटली ओठांना लावली, मी मोबाइलवर फोटो काढला. मागे निळा समुद्र, बाटलीवर ऊन, तिचे मिटलेले डोळे. सर म्हणाले, अप्रतिम. तिनं झाकण लावलं.

“फोटो झालो?”

आमच्या अहवालाला विद्यापीठात पहिलं बक्षीस मिळालं. ते घ्यायला व्यासपीठावर मी गेले. आईनं त्यासाठी नवी साडी काढून दिली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी काकी कॉलेजच्या फाटकाशी आली. पाटीला मासळीचा वास म्हणून पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही, म्हणून मीच बाहेर गेले. बायकांना अर्ज करायचा होता. “तू शिकलेला चेडू. बरा लिव.” कंपाउंडच्या कठड्यावर बसून मी लिहिला, आणि खरंच चांगला लिहिला. नवीन काही बांधा म्हणून त्यात एक अक्षर नव्हतं. कुलूप काढा, टाकीत पाणी सोडा आणि चावी बंदरावरच्या बायकांकडे द्या, एवढंच. खाली बाकीच्यांचे अंगठे आणि एक सही. ती सही करायला तिला इतका वेळ लागला की माझं पुढचं लेक्चर बुडालं. रेघ मारून तिनं मान मागे घेतली आणि म्हणाली, “आता आयकतले.”

उत्तर आलं. यायला उशीर झाला पण आलं. ते वाचायला ती पुन्हा फाटकाशी आली, आणि मी मोठ्यानं वाचलं. महाविद्यालयाने केलेल्या सर्वेक्षणानुसार सदर बंदरावर महिलांसाठी स्वच्छतागृह उपलब्ध असल्याचे आढळून आले आहे, सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

पण मी तसं वाचलं नाही. ‘महाविद्यालयाने’ हा शब्द मी गिळला. ‘केलेल्या सर्वेक्षणानुसार’ असं नुसतं वाचलं.

“ह्या सर्वेक्षण कोणी केल्यानी?” तिनं विचारलं.

“ऑफिसातल्या कोणीतरी,” मी म्हणाले.

तिनं कागदाची घडी घातली, कमरेला खोवली आणि पाटी डोक्यावर घेऊन गेली.

मी सरांकडे गेले होते, हेही सांगते, म्हणजे मी कुठवर गेले ते तुम्हाला कळेल. म्हटलं, सर, तो एक मुद्दा दुरुस्त करून पाठवूया का? ते म्हणाले, “अगं, अहवाल वर गेला. त्याला बक्षीस मिळालंय. आता चूक होती म्हणून कसं सांगणार?” मी मान डोलावली आणि निघाले. अंतर्गत गुण त्यांच्याच हातात होते. मी भ्याले. दुसरा कुठलाही शब्द त्याला लागू नाही.

पुढे मी एमएला विद्यापीठात गेले. समाजशास्त्र घेतलं. तिथे आम्ही लोकसहभागावर बोलतो, फार छान बोलतो. एका चर्चेत मी त्या बंदराचं उदाहरणही दिलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमच्या मांडणीत जमिनीवरचा अनुभव दिसतो. मला त्या खरखरीत गोणपाटाचा वास आला आणि मी खाली बसले.

सुट्टीत गावी आले तेव्हा कळलं की काकी आता बंदरावर येत नाही. तिची मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा तिचा मुलगा तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन रक्त शुद्ध करून आणायचा. डॉक्टर म्हणाले होते, अमुकच कारण असं ठामपणे नाही सांगता येत, पण वर्षानुवर्षं लघवीला जंतुसंसर्ग होत राहिला आणि अंगावर काढला तर असं होतं.

मी तिच्या घरी गेले. टेकडीच्या पोटात घर, चढायला खरंच अर्धा तास लागला. पडवीत पाटी भिंतीला उलटी टांगलेली. काकी खाटेवर बसली होती, पाय सुजलेले, वळेसार नव्हता. मला बघून म्हणाली, “इलंस गो? बस.” सुनेनं मला पाण्याचा तांब्या आणून दिला. काकी त्या तांब्याकडे बघायला लागली. मी तो पटकन खाली ठेवला.

“पी, पी,” ती म्हणाली. “माका डॉक्टरान दोनच पेले सांगल्यान दिवसाक. इतकी वर्सां मी ताच करी होतंय. आता कागदार लिवन दिल्यान.” आणि हसली, तशीच खदखदून, मग खोकला आला. खोकला थांबल्यावर हळू आवाजात म्हणाली, “पण आता माका तान लागता गो. खूप तान लागता.”

मला राहवलं नाही. मी सगळं ओकून टाकलं. ते सर्वेक्षण आमचं होतं, ती खूण माझी होती, उत्तर वाचताना शब्द मी गाळला होता. रडत रडत सांगितलं. रडायची हौस मला पहिल्यापासूनच आहे.

तिनं ऐकून घेतलं. “माका म्हायत आसा. माझ्याच म्होरे लिवलंस मां तू.”

“मगे तू कायच कसा बोलूक नाय?”

“काय बोलू? तुझ्यासारकी चेडवां दर वर्सा येतत.” एवढं साध्या आवाजात म्हणाली की तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “रडा नको. फुडच्या खेपेक ‘पण’ लिव.”

ऑक्टोबरात ती गेली. मी तेव्हा वसतिगृहात होते, परीक्षा जवळ आली होती. मैत्रिणीचा फोन आला. अंत्यविधीला पोचणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पोचायचं धैर्यही नव्हतं. शेजारणीनं म्हणे तिची पाटी पुढचे तेरा दिवस रांगेत मांडली होती. जागा राखली होती.

गेल्या हिवाळ्यात बंदरावर गेले होते. पायऱ्यांवरूनच मला ती दिसली. त्या गुलाबी दारावर, दाराएवढ्याच मोठ्या फलकावर. मिटलेले डोळे, अबोलीचा वळेसार, ओठांना बाटली, मागे निळा समुद्र. खाली ठळक अक्षरांत, ‘भरपूर पाणी प्या, निरोगी राहा.’ मीच काढलेला फोटो. त्यात पाणी बाटलीतून बाहेर आलेलं नाही, हे नीट बघितलं तर दिसतं. बघतं कोण? मी जवळ जाऊन फलकाची कड उचलली. मागे कुलूप होतं, खारट वाऱ्यानं गंजून लाल झालेलं.

नवं अभियान आलं होतं. आमच्याच कॉलेजच्या मुली, गळ्यात ओळखपत्रं. काकीच्या जागेवर आता ती शेजारीण बसते. एक मुलगी तिच्यापुढे बसून फॉर्म भरत होती. मी मागे उभी राहिले. प्रश्न तोच होता. शेजारीण म्हणाली, “आसा. पण कुलूप आसा.” मुलीनं ‘हो’च्या चौकोनावर पेन टेकवलं.

मी म्हणाले, “‘पण’ लिही.”

“जागा नाहीये, ताई.”

मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि समासात लिहिलं, ‘पण कायम कुलूप.’ मुलगी घाबरली, धावत तिच्या सरांकडे गेली. ते तेच सर होते, केस आता पांढरे. त्यांनी कागद पाहिला, मान वर करून माझ्याकडे पाहिलं, ओळखलं आणि नजर काढून घेतली. मुलगी परत आली ती कोरा फॉर्म घेऊन. खाली बसली आणि पहिल्यापासून भरायला लागली. नाव, वय, व्यवसाय. मी बोलत होते, ती ऐकत नव्हती, आणि मी तिच्या जागी असते तर मीही ऐकलं नसतं.

मग बाटल्या वाटल्या. शेजारणीनं झाकण उघडलं, बाटली ओठांना लावली, ओठ ओले केले आणि झाकण बसवून बाटली पाटीत ठेवली. मुलीनं मोबाइल खाली घेतला आणि म्हणाली, “मावशी, पिवा मां थोडा, ऊन किती आसा.”

“माका तान नाय,” शेजारीण म्हणाली. “फोटो झालो?”